वाचकांचे प्रश्न : खाणी, जंगले आणि अनुदानाचे नियम

प्रश्न : सरकारने आपल्या जंगलातले लाकूड कारखान्यांना स्वस्तात दिले, रोख पैसा दिलाच नाही, तरी ते अनुदान कसे?

उत्तर : जागतिक व्यापार संघटनेचा अनुदानविषयक करार १९९५पासून लागू आहे. त्यात रोख रक्कम आणि सोडून दिलेला महसूल यांच्या जोडीला सरकारने पुरवलेला मालही धरला आहे. मात्र पुढे दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : घेणाऱ्याला बाजारापेक्षा स्वस्त मिळाले, आणि ती सवलत मोजक्या उद्योगांपुरतीच होती. कॅनडातले बरेचसे जंगल प्रांतिक सरकारांच्या मालकीचे आहे. झाडे तोडू देण्याबद्दल ही सरकारे 'स्टम्पेज' आकारतात, आणि ते फारच कमी असल्याची तक्रार अमेरिकेतले लाकूड व्यावसायिक १९८२पासून करत आले आहेत. उभे झाड हाही 'माल'च, असे संघटनेच्या अपील मंडळाने २००४मध्ये ठरवले.

खरे भांडण आहे ते तुलनेला कोणता भाव घ्यायचा याचे. काल्पनिक आकडे घेऊन हिशेब करू. एका कारखान्याने १ लाख घनमीटर लाकूड २० डॉलर दराने घेतले. तुलनेचा भाव ३५ डॉलर धरला, तर फायदा १५ लाख डॉलर. वर्षाची विक्री ३ कोटी डॉलर असेल, तर अनुदान ५ टक्के ठरते, आणि आयात करणारा देश तेवढे प्रतिपूर्ती शुल्क, म्हणजे अनुदानाचा फायदा पुसून टाकणारे जादा आयात शुल्क, लावू शकतो. तुलनेचा भाव २२ डॉलर धरला, तर फायदा २ लाख, म्हणजे ०.६७ टक्के. एक टक्क्याच्या आतले अनुदान नगण्य मानून चौकशी बंद करावी लागते. झाडे तीच, विक्री तीच, पण एका आकड्याने निकाल फिरतो. नियमाने भाव निर्यातदार देशातलाच घ्यायचा. पण सरकारच इतका मोठा विक्रेता असेल की खासगी भावही त्यामुळे बिघडले आहेत, तर बाहेरचा भाव स्थानिक परिस्थितीशी जुळवून घेता येतो, असे २००४च्या त्याच निकालात म्हटले आहे. ही जुळवाजुळव शुल्क लावणाऱ्या देशाचेच अधिकारी करतात. असमानतेची सुरुवात इथेच होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मग देशातल्या उद्योगांना स्वस्त नैसर्गिक वायू देणारे देश कसे सुटतात?

उत्तर : 'मोजक्या उद्योगांपुरती' या अटीमुळे. ओंडके मुख्यतः लाकूड आणि कागद कारखान्यांच्या कामाचे. वायू मात्र खतापासून विजेपर्यंत सगळ्यांना लागतो. सगळ्यांना एकाच दराने दिला, तर अनुदानाचा आरोप टिकवणे अवघड जाते. युरोपीय महासंघाने अशा स्वस्त कच्च्या मालावर डम्पिंगविरोधी शुल्काच्या (म्हणजे वाजवीपेक्षा कमी भावाने निर्यात होणाऱ्या मालावरच्या जादा शुल्काच्या) मार्गाने जाऊन पाहिले. अर्जेंटिनात निर्यात करामुळे सोयाबीन स्वस्त राहते, म्हणून तिथल्या बायोडिझेलचा उत्पादनखर्च मोजताना महासंघाने सोयाबीनचा वेगळाच, चढा भाव धरला. २०१६मध्ये अपील मंडळाने हे नियमात बसत नाही असे सांगितले.

प्रश्न : खनिजांच्या निर्यातीबाबत चीनला नमावे लागले, इंडोनेशियाला नाही. असे का?

उत्तर : यात दोन वेगवेगळे धागे आहेत. व्यापाराचे मूळ नियम निर्यातबंदी आणि कोट्याला मनाई करतात, निर्यात कराला नाही. पण २००१मध्ये संघटनेत येताना चीनकडून ८४ वस्तू वगळता सर्व निर्यात कर काढण्याचे वचन घेतले गेले. जुन्या सदस्यांवर असे सरसकट बंधन नाही. म्हणजे तोच कर एका देशाने लावला तर चालतो, दुसऱ्याने लावला तर करारभंग. दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये, टंगस्टन आणि मॉलिब्डेनम यांच्या खटल्यात २०१४मध्ये चीन हरला. संपणारी साधने जपण्याचा बचाव टिकवायचा, तर देशातल्या उत्पादनावर किंवा वापरावरही तसाच लगाम हवा. तो पुरेसा दिसला नाही. २०१५मध्ये चीनने ते कोटे आणि कर काढले.

इंडोनेशियाने जानेवारी २०२०पासून निकेलच्या कच्च्या खनिजाची निर्यात थांबवली. नोव्हेंबर २०२२मध्ये निवाडा त्याच्या विरोधात गेला, आणि डिसेंबरमध्ये त्याने अपील केले. पण अमेरिकेने नव्या नेमणुका रोखून धरल्याने अपील मंडळ ११ डिसेंबर २०१९पासून बंद पडले आहे. अपील प्रलंबित असताना निवाडा लागू होत नाही. कॅनडाच्या लाकडाबाबत हरल्यावर २०२०मध्ये अमेरिकेनेही हेच केले. खनिज देशातच वितळवून रोजगार वाढवण्याची इच्छा आम्हाला रास्त वाटते, पण हरणाऱ्याने निवाडा असा बासनात ठेवणे कोणाच्याच हिताचे नाही.

प्रश्न : लहान देश खटला जिंकला तर त्याच्या पदरात काय पडते?

उत्तर : बहुतेक वेळा फारच थोडे. मागच्या नुकसानीची भरपाई साधारणपणे मिळत नाही. हरलेल्याने ऐकले नाही, तर त्याच्या मालावर शुल्क वाढवण्याची परवानगी मिळते, आणि लहान देशात त्याचा फटका आधी तिथल्याच ग्राहकाला बसतो. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२मध्ये तक्रार केली. तो बदला घेण्याइतका मोठा होता, म्हणून २०१४च्या तडजोडीत त्याला ३० कोटी डॉलर मिळाले. त्याच खटल्यात त्रयस्थ पक्ष असलेल्या बेनिन आणि चाड या गरीब कापूस उत्पादक देशांना त्या तडजोडीत वाटा नव्हता.

प्रश्न : आमच्या निर्यातीवर अनुदानाची चौकशी सुरू झाली तर काय करावे?

उत्तर : प्रश्नावली भरायला किमान ३० दिवस द्यावे लागतात, मुदत चुकवू नका. उत्तर दिले नाही, तर अधिकारी 'उपलब्ध माहिती'वर निर्णय देतात, आणि ती बहुधा तक्रारदाराने दिलेली असते. कच्च्या मालाची बिले, वाहतूक खर्च आणि त्याच काळातले खासगी विक्रेत्यांचे दर वेगवेगळे मांडा. तुलनेचा भाव त्यावरूनच खोडता येतो. सरकारी मालकीची खाण कंपनी आपोआप 'सार्वजनिक संस्था' (जिने दिलेला माल सरकारनेच दिला असे धरतात) ठरत नाही, हा मुद्दा भारताने अमेरिकेविरुद्ध एनएमडीसी या सरकारी खाण कंपनीच्या लोहखनिजाबाबत २०१४मध्ये जिंकला, तो जरूर मांडा. विकसनशील देशांसाठी नगण्य अनुदानाची मर्यादा २ टक्के आहे, हेही लेखी नोंदवा. चौकशी जास्तीत जास्त १८ महिने चालू शकते, तोवर सगळी कागदपत्रे जपून ठेवा.