चिया आणि सब्जा यांत फरक काय? एकाच्या जागी दुसरं चालतं का?

चियाच्या जागी कोरडा सब्जा तर मुळीच चालत नाही. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात हे सगळ्या चाकरमान्यांच्या देखत सिद्ध झालंय.

मे महिना, घरात पंधरा माणसं. धाकटी जाऊ ठाण्याहून आलेली. फडताळातली काळ्या बियांची बरणी बघून म्हणाली, "वहिनी, तुम्हीपण चिया खाता?" म्हटलं, सब्जा आहे तो. "तेच हो, देशी चिया!" मी रातांबे फोडत बसलेले, हात लालभडक, वाद घातला नाही. तिने आंब्याच्या फोडी दह्यात घालून वाट्या भरल्या आणि वरून सब्जा पेरला. कोरडाच. पहिला घास सासूबाईंचा. "ह्यां काय गो? आंब्यार वाळू घातलंस?" बाहेरून बुळबुळीत, आत कचकच. मुलांनी तर अंगणात जाऊन थुंकलं. आणि बाईसाहेब काय म्हणाल्या? "वहिनींच्या बिया जुन्या असतील."

तर फरक. सब्जा एकसारखा काळा; चियात करडे, पांढरे, ठिपक्याठिपक्यांचे दाणे मिसळलेले. सब्जा १०-१५ मिनिटांत फुगतो, प्रत्येक दाण्याभोवती वेगळं पारदर्शक कवच धरतो, म्हणून सरबतात आणि फालुद्यात तोच शोभतो. चियाला अर्धा तास तरी द्या. तो सगळा मिळून लगदा होतो. रात्रभर दुधात भिजवून खीर जमवायची तर चियाच हवा. चिया दह्यावर कोरडा भुरभुरला तरी चावता येतो, सब्जा नाही. चिया मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा, आता म्हैसूरकडेही पिकतो. दोन्ही तुळशीच्याच कुळातले, पण सब्जा म्हणजे वृंदावनातल्या तुळशीचं बी नव्हे. दुकानदार बिनदिक्कत तसं सांगतात.

मला विचाराल तर कोकम सरबतात चिया घालणं म्हणजे पैसे जास्त देऊन मजा घालवणं. माझ्या आईच्या परड्यात सब्जा आपसूक उगवायचा. कोवळे तुरे अबोलीच्या वळेसरात, म्हणजे गजऱ्यात जायचे, उरलेल्या मंजिऱ्या वाळवून, चोळून, सुपात पाखडून वर्षाचं बी निघायचं. एक पैसा खर्च नाही. त्याला "देशी चिया" म्हणायचं? चिया इकडे कोणी ऐकला नव्हता तेव्हापासून आम्ही हे पितोय.

ओमेगा-३ साठी खाणार असाल तर मात्र चियाच घ्या, ते मी नाकारत नाही. १०० ग्रॅम चियात तंतू ३४ ग्रॅमच्या आसपास, तेव्हा सुरुवात एका चमच्याने करा आणि पाणी भरपूर प्या. दोन्हींपैकी काहीही कोरडं गिळून वर पाणी पिऊ नका, घशात फुगतं. लहान मुलांना भिजवलेलंसुद्धा जपून. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि बरणीतलं बी त्याच वर्षीच्या मंजिऱ्यांचं होतं. फेब्रुवारीत मीच पाखडलेलं.