जांभळा मिक्स केला की तपकिरीच होतो, असं का?

तुम्ही लिहिलंय की वॉटरकलरमध्ये लाल आणि निळा मिसळूनही जांभळा येत नाही. रंग खराब नाहीत, लाल चुकीचा निवडलाय. व्हर्मिलियन किंवा स्कार्लेट हे लाल पिवळ्याकडे झुकलेले असतात, म्हणजे निळा टाकला की तिन्ही मूळ रंग एकत्र येतात आणि मळकट तपकिरी होतो. त्याऐवजी क्रिमसन, म्हणजे निळ्याकडे झुकलेला लाल घ्या नं, अल्ट्रामरीन या निळ्यात थोडा थोडा टाकत जा, मस्त स्वच्छ जांभळा येतो. हिरव्याचंही तेच, लेमन यलो आणि प्रशियन ब्लू घेतला तर पानं ताजी दिसतात, पण प्रशियन फार जोरदार रंग आहे त्यामुळे आधी पिवळा आणि मग ब्रशच्या टोकावर येईल एवढाच निळा.

फुटाळा तलावावरची संध्याकाळ काढायची असेल तर केशरी आणि निळा ओले असताना एकमेकांत जाऊ देऊ नका, ते विरुद्ध रंग आहेत, मधे राखाडी पट्टा होतो. केशरी पूर्ण वाळू द्या, मग निळा. तोच गुण सावलीला मात्र कामी येतो, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (केशरीकडे झुकलेला तपकिरी) मिसळा, इतका सुंदर राखाडी येतो की काळ्या ट्यूबची गरजच पडत नाही.

आणि हो, वॉटरकलर वाळल्यावर फिका होतो, म्हणून थोडा गडदच लावा. आपल्या नागपुरात मे महिन्यात तर पॅलेटवरचं पाणी बघता बघता उडतं, तेव्हा मोठ्या वॉशसाठी, म्हणजे मोठ्या भागावर पातळ रंगाचा सलग थर द्यायला, रंग आधीच भरपूर कालवून ठेवा, अर्ध्यात पुन्हा कालवला तर तीच शेड मिळणं कठीण.