उल्हास नदीचा १०० वर्षांचा पूर काढताना

नदीचं पाणी मोजणाऱ्या एकाच केंद्राच्या २० वर्षांच्या नोंदींवरून सरासरी १०० वर्षांतून एकदा येणारा पूर काढू नकोस. आकडा निघेल, पण त्यावर पूल बांधू नये. आसपासची केंद्रं जोडीला घे. प्रत्येक केंद्राचा दरवर्षीचा कमाल विसर्ग (सेकंदाला वाहणारं पाणी) त्याच केंद्राच्या सरासरीने भाग आणि मगच एकत्र कर.

गट मात्र नकाशावरचं अंतर बघून पाडू नकोस. माळशेज घाट ओलांडला की पाऊसच बदलतो, त्यामुळे जुन्नरकडचं केंद्र मुरबाडला जवळ असूनही कामाचं नाही. भातसा धरणाखालची नोंद वेगळी ठेव; तिथे पावसापेक्षा दरवाजे बोलतात. कल्याणच्या खाली तर पातळीत भरतीही मिसळते.

मग हॉस्किंग-वॉलिसची एच कसोटी लाव; गटातली केंद्रं खरंच एकसारखी आहेत का, ते ती सांगते. १ च्या आत असेल तर गट चालेल, २ च्या वर गेली तर मोड. एखादं केंद्र विसंगत आलं म्हणून लगेच उडवू नकोस हं, आधी मूळ नोंदवही बघ. कधी मोजपट्टीचं शून्यच हललेलं असतं.

आणि ५ केंद्रं गुणिले २० म्हणजे १०० स्वतंत्र वर्षं नव्हेत (साहेबांना तसं ऐकायला आवडतं, ते सोड). २६ जुलै २००५ सारखा पाऊस शेजारच्या केंद्रांवर एकदमच उतरतो. केंद्रांमधला परस्परसंबंध काढ आणि अंदाजाची खालची-वरची मर्यादा त्या मानाने रुंद ठेव.