‘गर्दुल्ल्यांना कसले उपचार?’ असं लोक ऑनलाइन का लिहितात?
कारण बहुतेकांना व्यसन म्हणजे निव्वळ माज वाटतो. आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपवरही ब्राउन शुगरसह (म्हणजे भेसळीच्या हेरॉइनसह) कुणी पोरगा पकडल्याची बातमी आली, की ‘बदडा’ म्हणणारे काका-मामा हजर! दुखण्याच्या गोळ्यांतून लागलेलं असेल तर मात्र ‘बिचारा’. ब्राउन शुगर अफूपासूनच बनते आणि अशा गोळ्याही बहुधा अफूसारखंच काम करतात. ही अफू शेजारी मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने पिकते. सोडताना अंग मोडून येतं, जुलाब होतात, झोप उडते. म्हणून डॉक्टर ब्यूप्रेनॉर्फिन देतात, म्हणजे हा त्रास आवरणारं, अफूच्याच वर्गातलं औषध. त्यावर ‘एक नशा सोडून दुसरी’ हा शेरा ठरलेला. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ६४अ मात्र कुणी सांगत नाही: अल्प मालाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल, तर खटल्यातून सूट मिळू शकते. व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन: १४४४६.