तुमची गाडी, तुमचे प्रश्न : डिक्कीवरचा मोनोग्राम काढू नका

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की कंपन्या मधेच थोड्याशा गाड्या वेगळ्या नावानं काढतात, दोन-चार महिने जाहिरात करतात आणि मग सगळे विसरून जातात, तर अशी एखादी गाडी तुमच्या अंगणात उभी असेल तर कळवा. एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. सगळी घेता येत नाहीत, पण ज्यांचं उत्तर आत्ताच द्यायला हवं ती घेतोय, आणि सुरुवात नागपुरातल्याच महाल भागातून आलेल्या पत्रानं, कारण तिथं गाडी वाचवायची घाई आहे.

प्रश्न : आमच्या मामांच्या वाड्यात एक काळी झेन आठ वर्षांपासून उभी आहे. तिला दोनच दरवाजे आहेत. मामा म्हणतात ॲक्सिडेंटची असेल, कोणीतरी मागचे दरवाजे वेल्ड करून बंद केले असतील, त्यांनी ती तिसऱ्या हातानं घेतली होती. मागं कार्बन असं लिहिलेलं आहे. कबाडीवाला वजनावर मागतोय, रविवारी येणार आहे. देऊन टाकायची का? (महाल)

उत्तर : नका देऊ हो! कबाडीवाल्याला आजच फोन करून नाही म्हणा आणि मग पुढचं वाचा.

दरवाजे कोणी वेल्ड केलेले नाहीत, ती गाडी कंपनीतूनच तशी निघाली आहे. २००३ मध्ये मारुतीनं झेनच्या दोन लिमिटेड एडिशन काढल्या होत्या, काळी ती कार्बन आणि चंदेरी ती स्टील, दोन्ही थ्री-डोर, म्हणजे बाजूला दोन दरवाजे आणि मागची डिक्की तिसरी. अगदी मोजक्या निघाल्या. इंजिन आपल्या नेहमीच्या झेनचंच, ९९३ सीसी, चार सिलिंडरचं ॲल्युमिनियमचं, ज्याच्यावर आमची सगळी पिढी गाडी शिकली. खात्री करायची असेल तर शेजारच्या कोणाची साधी झेन बाजूला उभी करून बघा, तुमच्या गाडीचा दरवाजा लांब आहे आणि मधला खांब बराच मागं सरकलेला आहे, असं काम कोणताही डेंटर गॅरेजमध्ये बसून करू शकत नाही.

मग विसरली का गेली? मला वाटतं आपल्याकडे गाडी घेताना पहिला विचार मागच्या सीटचा होतो. आजीला गुडघे वाकवून पुढची सीट दुमडून मागं चढवायचं म्हटलं की घरात विषय संपला. टाटाची सिएरा १९९१ ची, तीपण थ्री-डोर, दिसायला किती देखणी होती, तिचंही हेच ऐकलंय लोकांकडून. आणि २०१६ मध्ये फोक्सवॅगननं पोलो जीटीआय आणली ती थ्री-डोरच, भारतासाठी फक्त ९९ गाड्या, किंमत पंचवीस लाखांच्या वर, रस्त्यावर दिसली तर फोटो काढून ठेवा.

आता कामाचं. आठ वर्षं उभ्या गाडीला नवी बॅटरी लावून एकदम सेल्फ मारू नका, इंजिनची वाट लागेल. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, त्याचा वास आता वार्निशसारखा येत असेल. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडा, एक रात्र तसंच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीवर, म्हणजे इंजिनच्या बाजूला बेल्टची मोठी चकती असते तिच्यावर, पाना लावून हातानं इंजिन फिरवा, अडकलं तर जोर लावू नका, परत ऑइल सोडा आणि थांबा. टायमिंग बेल्ट वरून चांगला दिसला तरी बदलाच. ब्रेकचं सगळं खोलून घ्या, व्हील सिलिंडर जाम झालेले असणार. आणि बॉनेटखालची वायरिंग एकदा टॉर्च घेऊन बघा, महालातल्या वाड्यांमध्ये उंदीर वायर खाल्ल्याशिवाय राहत नाहीत.

इंजिनचे पार्ट मिळतील, झेनचं इंजिन म्हटलं की कुठल्याही जुन्या मिस्त्रीला तोंडपाठ असतं. जे मिळणार नाही ते म्हणजे त्या लांब दरवाज्याची काच, मागच्या बाजूची काच, त्यांचं रबर बीडिंग आणि तो कार्बन लिहिलेला मोनोग्राम. त्यामुळे पेंटरकडे द्यायच्या आधी हे सगळं स्वतः काढून घरी आणून ठेवा, पेंटरवर सोडू नका. रंग काळाच द्या. लाल केली, निळी केली तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, रंगबदलाची नोंद करावी लागते, आणि त्याहून वाईट म्हणजे मग ती कार्बन राहतच नाही.

कागदांचं म्हणाल तर रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं कधीच संपली असणार, फिटनेस करून पुढं पाच-पाच वर्षांसाठी रिन्यू होतं, थकलेले पैसे भरावे लागतील. आरसी मामांच्याच नावावर आहे की आधीच्या मालकाच्या हे सगळ्यात आधी बघा. तिसऱ्या हाताच्या गाडीत नेमकं तिथंच घोडं अडतं.

प्रश्न : दादा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, एक फियाट पॅलिओ बघितली, विकणारा म्हणतो ही सचिनवाली एस टेन आहे म्हणून भाव जास्त सांगतोय. गाडीवर सहीचं स्टिकर आहे. खरी असेल का? (प्रतापनगर)

उत्तर : असू शकते, पण स्टिकरवर विश्वास ठेवू नकोस राजा. सही तर कोणताही रेडियमवाला अर्ध्या तासात कापून देतो.

एस टेन म्हणजे सचिन आणि त्याचा दहा नंबर. तो तेव्हा पॅलिओच्या जाहिरातीत होता आणि फियाटनं त्याच्या सहीच्या ५०० गाड्या काढल्या होत्या, १.६ लिटरच्या, शंभर बीएचपीच्या इंजिनच्या. त्या काळात तेवढ्या पैशात तेवढी ताकद दुसऱ्या हॅचबॅकमध्ये मिळत नव्हती, आणि स्टिअरिंग हातात आलं की कळायचं गाडी किती जड आणि कशी रस्त्याला चिकटून आहे. पहिली गोष्ट आरसी मागून घे आणि क्युबिक कॅपॅसिटीचा, म्हणजे सीसीचा, रकाना बघ. तिथं १५९६ असेल तर पुढं बोल. १२४२ असेल तर ती साधी १.२ आहे, वर सचिनची सही असो की आणखी कोणाची. मग आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळव, बॉनेट उघडून, मोबाईलचा टॉर्च मारून, एकेक आकडा वाचत. विकणारा घाई करायला लागला तर तिथून निघ. पहिल्या मालकाकडचं इनव्हॉइस, सर्व्हिस बुक, काही जुना कागद मिळाला तर त्याची किंमत गाडीच्या टायरपेक्षा जास्त समज.

आणि एक सांगतो, रोज कॉलेजला जायला ही गाडी घेऊ नकोस. १.६ शहरात पेट्रोल पिते, आणि पार्टसाठी फिरावं लागतं. रविवारी पहाटे फुटाळा तलावापर्यंत एक चक्कर मारायला घेणार असशील तर जरूर घे.

प्रश्न : मागच्या दिवाळीत डीलरनं लिमिटेड एडिशन म्हणून स्टिकर, सीट कव्हर आणि मॅट टाकून जास्तीचे पैसे घेतले. पुढं विकताना त्याचा भाव येईल का? (मानेवाडा)

उत्तर : नाही येणार काका. ॲक्सेसरीजचं बिल वेगळं असेल तर जपून ठेवा, बाकी सेकंडहँड बाजारात ती साधी गाडी म्हणूनच जाईल. किती गाड्या काढल्या हे कंपनीनं सांगितलंच नसेल तर लिमिटेड कशाला म्हणायचं.

प्रश्न : बाबा गेल्यानंतर त्यांची ॲम्बेसेडर माझ्याकडे आली. तिचे गिअर स्टिअरिंगजवळ नसून खाली आहेत, पाच गिअर आहेत. नातेवाईक म्हणतात कोणीतरी दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवलाय, ओरिजिनल नाही. मला वाईट वाटतं कारण बाबा तिला फार जपायचे. (कामठी)

उत्तर : ताई, वाईट वाटून घेऊ नका, बाबांची गाडी बहुतेक अगदी ओरिजिनल आहे. डिक्कीवर १८०० आयएसझेड असं काही लिहिलंय का बघा. नव्वदीच्या दशकात हिंदुस्थान मोटर्सनं ॲम्बेसेडरमध्ये इसुझु या जपानी कंपनीचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन घातलं, त्यांच्याच काँटेसा गाडीत असायचं तेच, आणि त्याच्याबरोबर पाच गिअरचा फ्लोअर शिफ्ट, म्हणजे खालचा दांडा, दिला. ज्यांनी आयुष्यभर स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर टाकले त्यांना ही गाडी बघून आजही शंका येते, त्यात नातेवाईकांची चूक नाही. आरसीवर १८१७ असेल आणि इंजिन नंबर जुळत असेल तर त्यांना तो कागद दाखवा.

ॲम्बेसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद झाला, पण यांचे पार्ट अजून मिळतात, इसुझुचं इंजिनही दणकट. महिन्यातून दोनदा तरी गरम होईपर्यंत चालवा, नुसतं अंगणात स्टार्ट करून बंद करू नका, सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो आतून सडतो. बाबांच्या नावावरून आरसी तुमच्या नावावर करून घेतली नसेल तर मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद घेऊन आरटीओत जा, हे काम लांबवू नका.

प्रश्न : परदेशातही अशा विसरलेल्या एडिशन असतात का? एखादी मजेशीर सांगा. (धरमपेठ)

उत्तर : भरपूर. मला सगळ्यात आवडते ती अमेरिकेतली एएमसी कंपनीची ग्रेमलिन, लिवाइज या जीन्सवाल्यांच्या नावाची एडिशन, १९७३ ची. सीट जीन्सच्या पँटसारख्या, नारिंगी शिलाई, तांब्याची बटणं, सगळं. पण कापड डेनिम नव्हतंच, खरं डेनिम आगीच्या नियमात बसत नव्हतं म्हणून तसं दिसणारं नायलॉन विणून घेतलं.

दुसरी जर्मनीची, फोक्सवॅगन पोलो हार्लेकिन, १९९५. एक दरवाजा लाल, दुसरा हिरवा, बॉनेट निळं, कुठं पिवळं. गाड्या एकेका रंगात बनवायच्या आणि मग त्यांचे दरवाजे, बॉनेट एकमेकांत बदलायचे. हजारभर काढू म्हणाले आणि लोकांनी इतक्या मागितल्या की साधारण ३,८०० निघाल्या. आता यातली एखादी सापडली आणि मालकानं ती सगळी एका रंगात रंगवून टाकलेली असली तर आत दरवाज्याच्या कडेला जुना रंग शोधतात लोक.

प्रश्न : माझ्या गाडीवरचे एडिशनचे पट्टे उन्हानं तडकले आहेत, कडा उचलल्या आहेत. काढून टाकू का? (वर्धा रोड)

उत्तर : काढायचे आहेत, पण आज नाही. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो, त्यात असे पट्टे वाचतच नाहीत. म्हणून ते जायच्या आधी त्यांचा नकाशा करून घ्या. बटर पेपर आणा, मास्किंग टेपनं पट्ट्यावर लावा आणि पेन्सिलनं कड गिरवा. दरवाज्याच्या फटीपासून किती, बीडिंगपासून किती वर, हे टेपनं मोजून त्याच कागदावर लिहा. मग शेजारी फूटपट्टी धरून सकाळच्या उन्हात फोटो काढा, दुपारी काढाल तर रंग पांढुरका येतो. एवढं झालं की रेडियमवाला हुबेहूब कापून देईल. जुना पट्टा हेअर ड्रायरनं गरम करून हळूहळू ओढा, ब्लेड लावू नका, आणि एक चांगला तुकडा रंग जुळवायला वहीत चिकटवून ठेवा. सावली मिळत असेल तर सावलीत लावा, पण कडुनिंबाखाली नाही, चिकटा पडतो. प्लास्टिकचं कव्हर तर नकोच, पावसाळ्यात आत पाणी कोंडतं.

हे मी इतकं खोलात सांगतोय कारण आमच्याकडे हे कोणी केलं नाही. माझ्या मोठ्या भावाकडे झेन क्लासिक होती, गोल हेडलाइट, पुढं क्रोमची जाळी, जुन्या जमान्यातल्या मोटारीसारखा चेहरा. पुढून छोटासा धक्का बसला म्हणून एका गॅरेजला दिली. चार दिवसांनी आणायला गेलो तर साध्या झेनचं बंपर, साधे हेडलाइट, सगळं नीट बसवलेलं, रंगपण छान जुळवलेला. मिस्त्री म्हणाला क्लासिकचा माल मिळत नाही, म्हणून साधा टाकला, जुनं भंगारात गेलं. मी त्या भंगाराच्या ढिगात संध्याकाळपर्यंत हात घालून शोधत होतो. जाळीचा एक वीतभर तुकडा मिळाला, एका बाजूला क्रोम उडालेलं. तो माझ्या टेबलावर आहे, हे लिहिताना समोरच आहे.