मुरबाड-शहापूरकडे वर्षभर हवामान कसं असतं?

तुमचा प्रश्न असा आहे: ऐरोलीत राहता, निवृत्तीनंतर मुरबाड किंवा शहापूर तालुक्यात छोटं घर बांधून राहायचं आहे, जुलै-ऑगस्टमध्ये दोन वेळा जागा बघून आलात आणि फार आवडली. तिथे वर्षभर हवा कशी असते?

माझं गाव मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे. नोकरीमुळे ठाण्यात राहतो, पण शेती अजून घरचीच आहे, त्यामुळे महिन्यातून दोन-तीन फेऱ्या होतात. पहिली विनंती एकच. व्यवहार करण्याआधी ती जागा मे महिन्यात एकदा बघा. जुलैत आमच्याकडचं कुठलंही माळरान सुंदर दिसतं.

उन्हाची गोष्ट आधी सांगतो. ऐरोलीत तुम्हाला खाडी जवळ आहे. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की पारा तिथेच अडतो. घाम येतो, पण चटका कमी. तो वारा आमच्यापर्यंत उशिरा पोहोचतो, काही दिवस पोहोचतच नाही. मार्च ते मे सकाळपासून पूर्वेकडची कोरडी हवा असते आणि तापमान सहज चाळीसच्या वर जातं. मुंबईच्या बातम्यांत ३५ सांगितलं की आमच्याकडे ४०-४१ धरायचं. रात्री मात्र इथे हवा ठाण्यापेक्षा लवकर निवते, एवढा दिलासा आहे. पत्र्याचं छप्पर अजिबात टाकू नका. कौलं घाला, आणि स्लॅबच टाकणार असाल तर वर सावलीची सोय करा.

पण उन्हाळ्यात खरा त्रास पाण्याचा. जून ते सप्टेंबर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरी मार्च-एप्रिलपासून कितीतरी गावपाड्यांना टँकर लागतो. जमिनीखाली सगळा काळा कातळ आणि उतार तीव्र, त्यामुळे पडलेलं पाणी काळू, भातसा, उल्हास अशा नद्यांतून धावत खाडीला मिळतं. मुरतं फार थोडं. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, तानसा तर १८९२ पासून, आणि त्याच तालुक्यातल्या बायका मे महिन्यात हंडे घेऊन कोसभर चालतात. हे बघून मला दरवर्षी वाईट वाटतं. आमच्या काकू मेमध्ये विहिरीच्या तळाशी उतरायच्या आणि कातळाच्या फटीतून झिरपणारं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायच्या. एक हंडा भरायला अर्धा तास लागायचा. आता गावात बोअरवेल झाल्या आहेत, पण त्यातल्याही काही एप्रिलमध्ये नुसती हवा ओढतात. जागा विकणारा तुम्हाला ऑगस्टमधली विहीर दाखवेल, ती काठोकाठ भरलेलीच असणार.

मेच्या शेवटी आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, धांदल असते: लाकूडफाटा आत घेणं, कौलं चाळणं, शेतात भाजून ठेवलेल्या राबावर, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यावर, पेरणीची तयारी. वळवाचा पाऊस याच दिवसांत येतो. दुपारी डोंगराकडे ढग चढतात, सोसाट्याचा वारा सुटतो आणि वीज कडाडते. एका वर्षी आमच्या गोठ्याचे चार पत्रे अशा वाऱ्याने उडून थेट ओढ्यात गेले. बाजारात शेवळं ही रानभाजी दिसू लागली की समजायचं, आता पाऊस लांब नाही.

मृग लागतो ७ जूनच्या आसपास आणि मुंबईत मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून, पण त्यावर विसंबू नका. २०२५ साली तो २६ मे रोजीच आला आणि किती घरांची लाकडं बाहेर भिजली. खरा जोर जुलैत. ढग सह्याद्रीला अडतात, वर चढून थंड होतात आणि सगळं पाणी आमच्यावर रितं करतात; म्हणून माळशेज-सिद्धगडाच्या पायथ्याला ठाण्यापेक्षा जास्त पडतो. झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. कपड्यांना कुबट वास येतो, मिठाचं पाणी होतं, काडेपेटीची काडी पेटत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस आडवा येतो. पूर्वी त्या बाजूला गवताचा आडोसा बांधायचे, आता ताडपत्री लावतात. पडवी मोठी ठेवा, तिच्यामुळे ही भिंत वाचते.

नदीकाठची जागा दाखवत असतील तर विशेष जपा. तुमच्या अंगणात उघडीप असते आणि घाटात कोसळत असतो, त्यामुळे पाणी तासाभरात चढतं. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. ते लोक झाडावर हात ठेवून दाखवतात.

पाऊस गेला की ऑक्टोबरचा उकाडा. याच वेळी हळवी, म्हणजे लवकर पिकणारी, भातं कापणीला येतात. देशावर म्हणतात, ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’. ते तिकडच्या रब्बीसाठी खरं आहे. आमच्याकडे स्वाती नक्षत्राचा, म्हणजे ऑक्टोबरअखेरचा, पाऊस म्हणजे डोळ्यांत पाणी. २०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात क्यार वादळ होतं, तेव्हा आमचं कापून पसरलेलं भात शेतातच भिजत राहिलं. चौथ्या दिवशी वडिलांनी एक मूठ उचलून दाखवली, दाण्यांना पांढरे मोड आले होते. पेंढाही काळा पडला, बैलांनी तोंड लावलं नाही.

त्यानंतरचे तीन महिने मात्र वर्षाचं सोनं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून पहाटे धुकं उतरतं, भाताच्या ओलीवर टाकलेला वाल दवावर वाढतो. समुद्र लांब आणि आभाळ स्वच्छ, त्यामुळे रात्री पारा बारा-तेराला उतरतो, तेव्हा ठाण्यात लोक पंखा लावून झोपलेले असतात. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची यात्रा भरते; बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी ती प्रसिद्ध आहे, आणि घोंगडी का विकली जाते ते तिथे एक रात्र काढली की कळतं. तुमच्या घरात गुडघेदुखी असेल तर या पहाटेच्या गारठ्याचाही विचार करा.

मला विचाराल तर तुम्ही यावं, पण पाण्याची खात्री करून. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनला जा. विहिरीत दगड टाकून आवाज ऐका, शेजारच्या दोन घरांत बोअरवेल किती फूट खोल आहे ते विचारा. मग पाड्यावरच्या बायकांना एवढंच विचारा, टँकर कुठल्या महिन्यात सुरू होतो. त्या लगेच सांगतील.