वाचकांचे प्रश्न: लकव्यानंतर मेंदूला करंट दिला तर हात उघडेल का?

प्रश्न (देवगड): सात महिन्यांपूर्वी बाबांच्या (वय ६४) डाव्या अंगावरून वारं गेलं. आता ते काठी घेऊन चालतात, हात खांद्यातून उचलतात, पण बोटं मिटलेलीच राहतात. मुंबईच्या चुलतभावाने डोक्याला सौम्य करंट देणारं यंत्र ऑनलाइन मागवून पाठवलंय. खोक्यात दोन स्पंज, रबरी पट्टा, लाल-निळ्या वायरी आणि इंग्रजी कागद आहे. हे घरी लावलं तर चालेल का?

उत्तर: तूर्त खोकं कपाटात ठेवा. कारण सविस्तर सांगतो.

या पद्धतीला टीडीसीएस म्हणतात. डोक्याच्या कातडीवरून १ ते २ मिलिअँपिअर इतका थेट प्रवाह २० मिनिटं सोडतात. या प्रवाहाने मेंदूतल्या पेशी आपणहून पेटत नाहीत, फक्त पेटण्याच्या जरा जवळ येतात. निरोगी माणसांवरच्या प्रयोगांत १३ मिनिटांच्या प्रवाहाचा परिणाम सुमारे दीड तास टिकलेला दिसला आहे. त्या वेळात हाताचा सराव झाला तरच त्याचा काही उपयोग. करंट देऊन बाबांना आरामखुर्चीत बसवलंत, तर ते लाकडं न घालता फुंकणी फुंकण्यासारखं आहे.

जागा नेमकी लागते. डावा हात मेंदूच्या उजव्या भागाच्या ताब्यात असतो, म्हणून लाल वायरचा स्पंज उजवीकडे येतो. एका कानासमोरच्या कूर्चेच्या उंचवट्यापासून दुसऱ्या कानापर्यंत टाळूवरून टेप धरायची आणि मध्यबिंदूपासून त्या अंतराच्या २० टक्के उजवीकडे खूण करायची. टेप ३६ सेंटिमीटर भरली तर खूण ७.२ सेंटिमीटरवर येते. या जागेला सी-४ म्हणतात. निळ्या वायरचा स्पंज डाव्या भुवईच्या वर. ही झाली नेहमीची मांडणी. बाबांच्या मेंदूत इजा कुठे आणि केवढी आहे ते स्कॅन पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि त्यानुसार मांडणी बदलू शकते.

घरी बहुतेक वेळा गडबड होते ती कातडीपाशी. आपल्याकडे डोक्याला रोज खोबरेल लागतं. तेलातून वीज जात नाही, त्यामुळे स्पंज सगळीकडे सारखा टेकला तरी प्रवाह तेल नसलेल्या एखाद्याच ठिपक्यातून आत शिरतो. यंत्र प्रवाह कायम राखायला व्होल्टेज वाढवत जातं, आणि त्या ठिपक्यावर नाण्याएवढा चट्टा भाजतो. स्पंज मध्येच वाळला तरी हेच होतं. उलट स्पंजातून पाणी गळत असेल, किंवा मे महिन्यात डोकं घामाने निथळत असेल, तर दोन्ही स्पंजांमध्ये ओला पूल तयार होतो आणि वीज मेंदूत न शिरता कातडीवरूनच पळते. म्हणून आधी शॅम्पूने तेल काढायचं, केस बाजूला सारायचे, पंख्याखाली डोकं कोरडं करायचं. ५ बाय ७ सेंटिमीटरच्या स्पंजाला दर बाजूला साधारण ६ मिलिलिटर द्रव पुरतो. द्रव म्हणजे मेडिकलमधलं ०.९ टक्क्याचं सलाईन. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नाही. प्रवाह ३० सेकंदांत हळूहळू चढला पाहिजे आणि तसाच उतरला पाहिजे. चालू यंत्राची वायर ओढली तर डोळ्यांपुढे लख्ख चमकतं आणि झटका बसतो. थोडी खाज, मुंग्या किंवा लाली चालते. आग झाली तर ताबडतोब बंद. यंत्र बॅटरीवरच चालवायचं, चार्जर लावलेला असताना कधीच नाही.

कवटीचं हाड काढलेलं असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा प्लेट असेल, पेसमेकर असेल किंवा फिट येऊन गेली असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय स्पंज लावायचाच नाही.

आता कपाट का, ते. ट्रान्सपोर्ट-२ नावाच्या अमेरिकी चाचणीत १२९ रुग्णांना हाताचा कसून सराव दिला. त्यासोबत काहींना २, काहींना ४ मिलिअँपिअरचा करंट होता, काहींना नुसतं नाटक, म्हणजे यंत्र लावलेलं पण करंट नाही. सगळ्यांचेच हात सुधारले, पण करंटमुळे जास्तीचा फायदा दिसला नाही. त्या सरावाला मनगट आणि बोटं थोडी तरी उघडावी लागतात, आणि बाबांची अजून उघडत नाहीत. त्यांना आधी हवा तो मनगटामागच्या स्नायूंना करंट देऊन बोटं उघडवण्याचा उपचार. तो जिल्ह्याच्या ठिकाणच्या फिजिओथेरपिस्टकडे मिळू शकतो. करंटच्या चिकट पट्ट्या कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला लागतात. १० सेकंद चालू, १० ते २० सेकंद बंद. करंट चालू असताना बाबांनी स्वतःही बोटं उघडण्याचा जोर लावायचा. नुसते बघत बसले तर फायदा कमी होतो.

प्रश्न (मालवण): आईला मेंदूला वीज देऊ म्हणतात. म्हणजे शॉक का?

उत्तर: नाही. मानसोपचारातला शॉक भूल देऊन, मुद्दाम फिट आणण्यासाठी देतात. तिथे प्रवाह बहुधा ८०० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. इथे २, म्हणजे चारशेपट कमी. आई जागी असते, बोलत असते. तिच्या भीतीवर हसू नका, हा आकडा सांगा.

प्रश्न (गुहागर): माझा उजवा पाय पुढे टाकताना बोटं घसटतात. घराच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ असतं, दोनदा पडलो. पायाला करंट देणारा पट्टा मिळतो असं ऐकलं.

उत्तर: मिळतो. हा मेंदूचा नाही, पायाच्या नसेचा उपचार, आणि माझ्या मते या अंकातल्या सगळ्या यंत्रांत सर्वांत भरवशाचा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा गोल उंचवटा लागतो. त्याच्या जरा खाली, मागे, पोटरीकडे एक पट्टी. दुसरी नडगीच्या बाहेरच्या मांसल भागावर. करंटचे ठोके ३० ते ४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० ते ४०, आणि प्रत्येक ठोका सुमारे ३०० मायक्रोसेकंदांचा. टाच उचलली की चालू, टेकली की बंद.

पाऊल उचलताना बाहेर वळत असेल तर वरची पट्टी अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवा; आत वळत असेल तर मागे. जागा जमली की स्केचपेनने कातडीवर खूण करा, नाहीतर रोज सकाळी शोधाशोध. घामाने चिकटपणा गेलेली पट्टी टोचते. ती बदला, करंट वाढवू नका. पेसमेकर असेल तर हा पट्टा नको. आणि करंट असला तरी पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून घ्या आणि एका बाजूला कठडा बसवा.

प्रश्न (अलिबाग): चुंबकाने मेंदू जागा करतात, मानेत यंत्र बसवतात, असं वाचलं. यात काय खरं?

उत्तर: दोन्ही आहेत. चुंबकाचं तंत्र म्हणजे टीएमएस. शेफिल्डच्या बार्कर यांनी १९८५ मध्ये दाखवलं. लकव्यात बऱ्याचदा चांगल्या बाजूच्या मेंदूवर सेकंदाला एक ठोका देऊन त्याचा जोर कमी करतात, म्हणजे अशक्त बाजूला वाव मिळावा. कल्पना सुंदर, पण १९९ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत नुसत्या सरावापेक्षा वेगळं काही निघालं नाही. क्वचित फिट येऊ शकते.

मानेतलं यंत्र वेगळं. डाव्या व्हेगस नसेभोवती (मेंदूतून मानेवाटे छाती-पोटाकडे जाणारी नस) तार गुंडाळतात आणि गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरी बसवतात. रुग्णाची हालचाल नीट जमते त्या क्षणी थेरपिस्ट बटण दाबतो आणि अर्ध्या सेकंदाचा, ०.८ मिलिअँपिअरचा ठोका जातो. ज्यांच्या लकव्याला नऊ महिने ते दहा वर्षं झाली होती अशा १०८ रुग्णांच्या चाचणीत सहा आठवड्यांनी हाताची हालचाल मोजणाऱ्या गुणांत ५ ची भर पडली, तर नुसत्या सरावाने २.४ ची. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. पण ही शस्त्रक्रिया आहे, खर्च मोठा, आणि हात थोडातरी हलत असावा लागतो.

प्रश्न (वेंगुर्ला): सराव म्हणजे नेमकं काय? आणि फिटच्या गोळ्या चालू असल्या तर?

उत्तर: रबरी चेंडू दाबत बसणं बहुतेकांना नकोच, मूठ आधीच आवळलेली असते, तिला आणखी आवळायला शिकवून काय मिळणार? उघडण्याची कामं द्या. सुपाऱ्या एका वाटीतून दुसरीत, सुकी आमसुलं एकेक सुटी करणं, परातीत पसरलेले काजू वेचणं, दोरीवरचे कपडे चिमटे काढून उतरवणं. मोजायचं मात्र. तासाला ३०० वेळा उचलणं-सोडणं हे गाठता येण्यासारखं लक्ष्य आहे. सुरुवात ५० पासून करा. खांदा दुखत असेल तर हात टेबलावर टेकवून करा, आणि दुखरा हात धरून कुणी ओढून उठवू नका. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत जास्त होते, पण नंतर ती थांबते हे खरं नाही.

गोळ्यांबद्दल: कार्बामाझेपिनसारख्या गोळीने डोक्यावरच्या करंटचा परिणाम मावळतो असं प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा उपचाराआधी चालू गोळ्यांची पूर्ण यादी दाखवा. करंट लागू पडावा म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. फिट येऊन खांदा निखळला तर सरावाचे महिने वाया जातील.